योगायोगाचा अर्थ कुणी लावायचा? युंगची ‘सिंक्रोनिसिटी’ आणि धम्माची कसोटी

मोबाइलवर ११:११ दिसले की स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांतही आहेत. जिची आठवण काढली त्याच मैत्रिणीचा फोन आला, मुलाखतीला जाताना रस्त्यात निळा झेंडा दिसला, एकच आकडा दिवसभरात तीनदा समोर आला, की ‘युनिव्हर्सने सिग्नल दिला’ असे म्हटले जाते. पत्रिका, मुहूर्त, शकुन-अपशकुन हे सारे ज्या घरांनी १९५६ नंतर उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या घरांत हा नवा शब्द सहज शिरतो. त्याला अंधश्रद्धेचा वास येत नाही, कारण तो मानसशास्त्राचे नाव सांगतो. त्या कल्पनेचे मूळ नाव सिंक्रोनिसिटी, आणि ती मांडणारा माणूस कार्ल गुस्टाफ युंग.

हे विज्ञान आहे की नव्या कपड्यातले ज्योतिष, हा प्रश्न आपल्या तरुणांना पडतो आणि पडलाच पाहिजे. युंगला वेड्यात काढून किंवा डोक्यावर घेऊन त्याचे उत्तर मिळत नाही. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. युंगच्या या कल्पनेत दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधलेल्या आहेत. एक आहे मनाविषयीचे निरीक्षण. ते कामाचे आहे आणि चित्ताकडे पाहायला शिकवणाऱ्या धम्माला परके नाही. दुसरा आहे जगाविषयीचा दावा. तो सिद्ध झालेला नाही आणि आपल्या वाटेच्या उलट दिशेने जातो. गाठोडे सोडून या दोन गोष्टी वेगळ्या करणे एवढेच या लेखाचे काम.

युंग आणि खोल मनाचे मानसशास्त्र

युंगचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९०० साली तो झुरिकच्या बुर्गहॉल्झली मनोरुग्णालयात रुजू झाला. तिथे त्याने शब्दसाहचर्याचे प्रयोग केले. रुग्णाला एकेक शब्द ऐकवायचा, मनात येईल तो पहिला शब्द त्याने सांगायचा, आणि उत्तराला लागलेला वेळ मोजायचा. काही शब्दांपाशी माणूस अडखळतो, उशीर लावतो, भलतेच बोलतो. का अडखळला हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. मनात भावनेने भारलेल्या गाठी असतात आणि त्या आपल्या नकळत काम करतात, हे युंगने असे मोजून दाखवले. आज आपण सहज बोलतो तो ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द या कामातून रूढ झाला.

जाणिवेच्या खाली मनाचा मोठा भाग काम करत असतो, असे मानून चालणाऱ्या विचारपरंपरेला डेप्थ सायकॉलॉजी म्हणतात. आपण तिला खोल मनाचे मानसशास्त्र म्हणू. सिग्मंड फ्रॉइड हा तिचा पहिला मोठा शिल्पकार. १९०७ साली युंग त्याला व्हिएन्नात भेटला आणि १९१३ पर्यंत दोघांचे बिनसले. फ्रॉइडचे अबोध मन मुख्यतः दडपलेल्या इच्छांचे, तर युंगच्या मते त्याखाली माणसामाणसांत सामाईक असा आणखी एक थर आहे. त्याला त्याने सामूहिक अबोध म्हटले. त्यातल्या साच्यांना मराठी समीक्षेत आदिबंध हा शब्द आहे. माता, वृद्ध ज्ञानी, वीर, आणि आपण स्वतःत नाकारतो ते सारे जिच्यात जमा होते ती छाया, हे त्यातले काही.

इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकी लोकांविषयी युंगने जे लिहिले त्यात ‘आदिम’ आणि ‘सुसंस्कृत’ अशी उतरंड उघड दिसते. माणसांची उतरंड काय असते हे ज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही, त्यांनी युंग वाचताना ही बाजू नजरेआड करू नये. एखाद्याचे निरीक्षण घेताना त्याचे पूर्वग्रहही घ्यावेत असे कुठे लिहिलेले नाही.

दरवाज्यावर नव्हे, खिडकीवर थाप

सिंक्रोनिसिटी हा शब्द युंगने जाहीरपणे वापरला तो १९३० साली, चिनी ग्रंथांचा जर्मन अनुवादक रिचर्ड विल्हेल्म याच्या स्मृतिसभेत. १९५१ च्या भाषणात त्याने तो विस्ताराने मांडला आणि १९५२ साली त्यावरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्या पुस्तकात त्याच्यासोबत दुसरा निबंध होता वुल्फगांग पाउलीचा. पाउली हा १९४५ चा नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ. आयुष्यातल्या अडचणींमुळे १९३२ मध्ये तो युंगच्या संपर्कात आला आणि पुढे दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. ‘क्वांटम फिजिक्सने सिंक्रोनिसिटी सिद्ध केली’ हे जे रील्समध्ये ऐकू येते, त्याच्या मुळाशी ही मैत्री आहे. मैत्री खरी, सिद्धता नाही. पाउलीने आपल्या शास्त्रात जे सिद्ध केले त्यात सिंक्रोनिसिटी नव्हती.

युंगची व्याख्या अशी: मनातली एक स्थिती आणि बाहेरची एक घटना एकाच सुमारास घडतात, एकीमुळे दुसरी घडलेली नसते, पण दोघींचा अर्थ जुळतो. कार्यकारणाने न जोडलेल्या पण अर्थाने जोडलेल्या घटनांचे हे वेगळेच तत्त्व आहे, असा त्याचा दावा.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एका तरुण स्त्रीचे आहे. ती सुशिक्षित, तर्काला पक्की. प्रत्येक गोष्ट बुद्धीने तोलायची, त्यामुळे उपचार पुढे सरकत नव्हते. एके दिवशी ती आपले स्वप्न सांगत होती. स्वप्नात तिला कुणीतरी सोन्याचा भुंगा दिला होता, इजिप्तमधल्या दागिन्यांत असतो तसा. तेवढ्यात युंगच्या पाठीमागे खिडकीच्या काचेवर टकटक झाली. त्याने खिडकी उघडली, आत येणारा किडा हवेतच पकडला आणि ‘हा घ्या तुमचा भुंगा’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणून तिच्या हातात दिला. तो होता गुलाबावर बसणारा, हिरवट सोनेरी झाक असलेला एक भुंगा. युंग सांगतो की त्या क्षणी तिच्या बुद्धीचा बर्फ फुटला आणि उपचार मार्गी लागले.

गोष्ट सुंदर आहे. पण ती सावकाश वाचली की काय दिसते? हा भुंगा युरोपातल्या बागांत उन्हाळ्यात सर्रास आढळतो. काचेवर किडे आपटतातच. या खोलीत घडलेली असामान्य गोष्ट किड्याने केलेली नाही, ती डॉक्टरने केली. तो उठला, खिडकी उघडली, किडा पकडला आणि रुग्णाच्या स्वप्नाला चेष्टा न करता हातात ठेवले. आयुष्यभर वादविवाद करून स्वतःला सांभाळणाऱ्या बाईला कुणीतरी वाद न घालता असा अनपेक्षित प्रतिसाद दिला. तिच्यात बदल झाला असेल तर त्याला कारण आहे, आणि ते पूर्ण मानवी आहे.

युंगचे स्वतःचे हिशेब

युंगच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की त्याने आपल्याला न पटणारे पुरावेही छापले. १ एप्रिल १९४९ चा दिवस घ्या. सकाळी त्याने माशाचा उल्लेख असलेला एक शिलालेख टिपला. जेवणात मासा होता. कुणीतरी ‘एप्रिल फिश’चा, म्हणजे आपल्या एप्रिल फूलसारखा, विषय काढला. दुपारी एका जुन्या रुग्णाने माशांची चित्रे दाखवली, संध्याकाळी माशांच्या नक्षीचे भरतकाम समोर आले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकीने माशाचे स्वप्न सांगितले. एवढे सारे मांडून युंग स्वतःच म्हणतो की याला योगायोगाच्या घोळक्याहून अधिक काही मानण्याचे कारण नाही. तो दिवस शुक्रवार होता, त्या भागात शुक्रवारी मासे खाण्याची रीत, १ एप्रिलला माशाची थट्टा ठरलेली, आणि युंग स्वतः त्या महिन्यांत माशाच्या प्रतीकावर काम करत होता. इतकी कारणे असताना गूढ कशाला हवे?

मग त्याने ज्योतिषाचा प्रयोग केला. विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या जमवल्या आणि परंपरेने विवाहाला अनुकूल मानलेल्या चंद्राच्या युती त्यांत जास्त सापडतात का ते पाहिले. पहिल्या १८० जोडप्यांत एक युती उठून दिसली. पुढच्या २२० मध्ये ती मागे पडून दुसरीच वर आली. शेवटच्या ८३ मध्ये तिसरीच. सगळी ४८३ जोडपी एकत्र केल्यावर उठून दिसणारे असे काही उरले नाही. ज्योतिषाच्या बाजूने पुरावा मिळाला नाही, हे युंगने मान्य केले. पण इथेच त्याने जी उडी घेतली ती आम्हाला मान्य होत नाही. पहिल्या टप्प्यात हवे ते आकडे आले, कारण त्या वेळी संशोधकांचा उत्साह दांडगा होता, म्हणजे हीसुद्धा सिंक्रोनिसिटीच, असे तो म्हणतो. आकडे जुळले तरी सिद्धान्त खरा, विरले तरी खरा. जो दावा कोणत्याच निकालाने खोटा ठरू शकत नाही, तो विज्ञानाच्या दारात उभा राहू शकत नाही.

याउलट फ्रॉइडने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९०९ च्या मार्चमध्ये दोघे फ्रॉइडच्या अभ्यासिकेत अशाच गूढ गोष्टींवर वाद घालत असताना पुस्तकांच्या कपाटातून मोठा आवाज आला. युंग म्हणाला, आता पुन्हा येईल. आणि तो आला! फ्रॉइड हादरला. पण युंग गेल्यावर त्याने कपाटाकडे लक्ष ठेवले. लाकूड नंतरही वाजत राहिले, तेव्हा गूढ काही बोलणे चाललेले नव्हते. एप्रिलमध्ये त्याने युंगला तसे पत्र लिहिले.

त्याच पत्रात फ्रॉइडने आपलीच एक खोड उघडी केली. आपण ६१ किंवा ६२ व्या वर्षी मरणार असे त्याच्या मनाने घेतले होते. १९०४ साली भावाबरोबर ग्रीसला गेला तर ६१ आणि ६० हे आकडे जिकडेतिकडे दिसू लागले. अथेन्समध्ये हॉटेलची खोली मिळाली ३१ क्रमांकाची, म्हणजे ६२ चा निम्मा! आता याने काय करावे? विश्वाचा संदेश म्हणून मृत्युपत्र करावे? फ्रॉइडने मागोवा घेतला. १८९९ साली त्याचे स्वप्नांवरचे मोठे पुस्तक बाहेर पडले, तेव्हा त्याचे वय ४३. त्याच वर्षी त्याला टेलिफोनचा नवा क्रमांक मिळाला, १४३६२. त्यात ४३ आहे आणि शेवटी ६२. आयुष्याचे मुख्य काम तर झाले, आता उरलेले आकडे म्हणजे शेवट, अशी जोडणी त्याच्या मनाने परस्पर केली होती. आकडे शहरभर होतेच, लक्ष फक्त या दोनांवर खिळले होते. फ्रॉइड १९३९ साली वारला, वय ८३.

आम्हाला या विषयातला सर्वांत उपयोगी दाखला हाच वाटतो. योगायोगाला अर्थ होता, पण तो अर्थ हॉटेलच्या दारावर लिहिलेला नव्हता. मरणाची भीती, काम संपल्याची पोकळी, यांनी तो तिथे नेऊन चिकटवला होता.

(पाउलीच्याही नशिबी एक आकडा आला. १३७ हा भौतिकशास्त्रातल्या एका मूलभूत स्थिरांकाशी जोडलेला आकडा त्याला जन्मभर छळत होता. डिसेंबर १९५८ मध्ये झुरिकच्या रुग्णालयात त्याला मिळालेल्या खोलीचा क्रमांक १३७ निघाला आणि तो अस्वस्थ झाला. तिथेच त्याचा अंत झाला. ज्या खोल्यांचे क्रमांक कशाशीच जुळले नाहीत, त्या खोल्यांच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही.)

मोजून पाहिले तर

आपल्या विहारात रविवारी ५० माणसे जमली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती? बहुतेक जण फार कमी सांगतात. उत्तर आहे सुमारे ९७ टक्के. २३ माणसे असली तरी ती निम्म्याहून थोडी जास्त भरते, कारण २३ माणसांत जोड्या होतात २५३. योगायोग दुर्मिळ वाटतो, कारण आपण एकाच जोडीकडे पाहतो आणि बाकीच्या शेकडो मोजत नाही.

स्वप्नांचेही तसेच. जॉन अ‍ॅलन पॉलोस या गणितज्ञाने १९८८ च्या पुस्तकात केलेला हिशेब आपल्या राज्याला लावून पाहू. समजा, रात्रीचे स्वप्न दुसऱ्या दिवशी हुबेहूब खरे ठरण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी क्षुल्लक आहे. रोज रात्री एक स्वप्न धरले, तर वर्षभरात निव्वळ संयोगाने असा अनुभव येणारी माणसे शेकडा साडेतीन निघतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख. म्हणजे दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांचे एक तरी स्वप्न ‘खरे’ ठरणार, कुठलीही दिव्यशक्ती नसताना. त्यांच्यातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की हा योगायोग असूच शकत नाही.

शिवाय मन निवडून पाहते. नवी निळी स्कूटर घेतली की रस्त्यावर निळ्या स्कूटर वाढल्यासारख्या वाटतात. ११:११ रोज दोनदा वाजतात, तसे १०:४७ ही वाजतात, पण १०:४७ चे कुणाला काही नसते. मोबाइलने यात भर घातली आहे. ज्या विषयावर आपण थोडे रेंगाळलो तोच विषय पुन्हा दाखवायचा, यासाठी ती यंत्रणा बांधलेली आहे. ‘मी याच प्रश्नात होतो आणि नेमके हेच रील आले’ याचे कारण विश्वात शोधावे लागत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर सापडते.

मग उरते काय?

गणिताने दावा पडतो, अनुभव पडत नाही. मित्राच्या अंत्ययात्रेहून परतताना त्याचेच आवडते गाणे रिक्षात लागले आणि रडू कोसळले, तर संभाव्यतेचे सूत्र सांगून त्या रडण्याचे काही होत नाही. रडू खरे आहे. गाणे कुणी पाठवले हा प्रश्न चुकीचा आहे. त्या गाण्याने आत काय उघडले, हा विचारण्यासारखा आहे. खोल मनाच्या मानसशास्त्राची कमाई ती हीच. जगात क्षणोक्षणी हजार गोष्टी घडत असताना मला हीच का दिसली, आणि आत्ताच का?

समजा, एक तरुण पुण्यात राहून तीन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. गावी वडील आजारी. एका आठवड्यात त्याला गावाकडची माणसे तीनदा भेटतात. एकदा बसमध्ये, एकदा झेरॉक्सच्या दुकानात, एकदा मेसच्या रांगेत. हा ‘परत जा’ असा सिग्नल आहे का? जाणता समुपदेशक ‘जा’ म्हणणार नाही आणि ‘राहा’ही म्हणणार नाही. तो विचारेल, ती माणसे दिसली तेव्हा पोटात काय झाले? अपराधी वाटले, की सुटल्यासारखे? सुटल्यासारखे वाटले असेल तर कदाचित परीक्षा सोडायची इच्छा आधीच झाली आहे आणि तो कुणाची तरी परवानगी शोधतो आहे. खुणा शोधणाऱ्या माणसाला पुष्कळदा खूण नको असते, परवानगी हवी असते. घरच्यांची, समाजाची, आपल्यासाठी खस्ता खाल्लेल्या आईची. हे एकदा स्वतःशी कबूल केले की पुढचा निर्णय योगायोगावर नव्हे, वयोमर्यादा, हातातले पैसे आणि वडिलांचे रिपोर्ट समोर ठेवून घेता येतो.

युंग ज्याला इंडिव्हिज्युएशन म्हणतो, म्हणजे नाकारलेल्या भागांसह पूर्ण माणूस होत जाणे, त्याला इथे जागा आहे. त्यासाठी विश्वाने टपाल पाठवण्याची गरज नाही.

बौद्ध परंपरेत या तपासणीची शिस्त फार जुनी आहे. मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात मनाची साखळी सांगितली आहे. इंद्रियांचा विषयाशी स्पर्श होतो, त्यातून वेदना, म्हणजे सुखद वा दुःखद जाणीव. जे जाणवले त्याची संज्ञा होते, त्यावर विचार चालतो, आणि विचाराचा पसारा वाढून पपंच होतो. मग तो पसाराच माणसावर स्वार होतो. ११:११ दिसणे हा स्पर्श. छातीत धडधड ही वेदना. ‘तो परत येणार’ हा पपंच. योगायोगाच्या वेळी स्पर्श आणि पपंच यांच्यातले अंतर पाहता येणे, याचाच सराव चित्तानुपस्सनेत होतो.

‘सगळे जोडलेले आहे’ म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद नव्हे

काही इंग्रजी पुस्तकांतून आणि शिबिरांतून असे सांगितले जाते की सिंक्रोनिसिटी म्हणजेच बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद. ही गल्लत आपल्या कार्यकर्त्यांनी वेळीच ओळखावी. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की हे असले तर ते होते, हे थांबले तर ते थांबते. त्याचा सारा जोर कारणांवर आहे, कारण शोधले की दुःखाचा उपाय सापडतो म्हणून. युंगचे तत्त्व तर कारणाशिवाय जोडलेल्या घटनांचे आहे. दोन्ही एक म्हणणे म्हणजे रोगाचे निदान आणि नवस एकच म्हणण्यासारखे.

मोळिय सीवकाने तथागतांना विचारले होते की, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे का? संयुत्त निकायातले उत्तर स्पष्ट आहे. पित्त, कफ, वात, ऋतू, निष्काळजी वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी अनेक कारणे असतात, आणि ती माणसाला स्वतः अनुभवाने कळतात. सगळे पूर्वकर्मावर टाकणारे प्रत्यक्षाच्या पलीकडे बोलतात.

हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. घटनांमध्ये विश्वाचा हेतू असतो हे एकदा मान्य केले, की तो हेतू फक्त चांगल्या घटनांत थांबत नाही. नोकरीचा फोन आला हा संदेश, तर वस्तीला लागलेली आग कुणाचा संदेश? अमुक जातीत जन्म झाला, त्यातही काही अर्थ असेलच, हे आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षे सांगितले गेले आणि त्या अर्थाखाली त्यांना दडपले गेले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये अधम्माची चर्चा करताना अलौकिकावरचा विश्वास पहिल्यांदा बाजूला काढला तो याचसाठी. असा विश्वास माणसाची शोध घेण्याची वृत्तीच मारून टाकतो, असा त्यांचा मुद्दा आहे.

दीघ निकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात शकुन सांगणे, स्वप्नांचे अर्थ सांगणे, हस्तरेषा, ग्रहनक्षत्रांची भाकिते यांवर पोट भरण्याला हीन विद्या म्हटले आहे. आणि नक्खत्त जातकातली गोष्ट तर थेट विवाहाचीच. शहरातल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी ठरवली. ऐनवेळी त्यांना आपल्या आजीवक गुरूचा सल्ला आठवला. आधी विचारले नाही म्हणून तो रागावलेला, त्याने सांगून टाकले की आज नक्षत्र वाईट आहे. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातल्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोचले ते भांडायला. तिथला शहाणा माणूस म्हणतो त्याचा आशय असा की, मुलगी मिळणे हेच नक्षत्र होते, आकाशातले तारे काय करणार! युंगच्या ४८३ जोडप्यांच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला होता.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाकडेही या नजरेने पाहावे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये ओळीने दिसली आणि राजपुत्र घर सोडून गेला, ही कथा म्हणजे अर्थपूर्ण योगायोगाचा नमुनाच आहे. बाबासाहेबांनी ती नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी माणूस वा मृत्यू पाहिलाच नव्हता हे कसे संभवते, असा त्यांचा साधा प्रश्न. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध पुढे ठेवला. दीघ निकायाच्या महापदान सुत्तात ही चार दृश्ये येतात ती विपस्सी बुद्धाच्या कथेत. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात मात्र शस्त्र उगारून एकमेकांवर धावणारी, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी माणसे पाहून आलेल्या भयाचा उल्लेख आहे. हा बदल फक्त चरित्राचा नाही. चार दृश्यांचा सिद्धार्थ खुणांच्या मागे जातो, रोहिणीचा सिद्धार्थ एका सामाजिक प्रश्नावर भूमिका घेतो आणि तिची किंमत मोजतो.

एक गंभीर इशारा

योगायोगांत अर्थ दिसणे प्रमाणाबाहेर वाढले तर ते आजाराचे लक्षण असू शकते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड याने १९५८ साली स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या अवस्थेचे वर्णन करताना असंबद्ध गोष्टींत सतत संबंध दिसण्याला अपोफेनिया हे नाव दिले. टीव्हीवरचा निवेदक माझ्याविषयीच बोलतो आहे, गाड्यांचे नंबर मला सूचना देत आहेत, रस्त्यावरचे लोक इशारे करत आहेत, असे कुणी ठामपणे सांगू लागला, झोप उडाली, माणसांत मिसळणे थांबले, तर त्याच्याशी वाद घालू नये, थट्टा करू नये, आणि ‘साधना वाढव’ असेही सांगू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. स्वप्ने आणि खुणा यांत रमवणारी महागडी ऑनलाइन शिबिरे अशा मुलांना आणखी खोल ढकलू शकतात.

चर्नी रोडची बाग

शेवटी आपल्याच इतिहासातला एक योगायोग. अभ्यासवर्गात चर्चेला घ्यावा असा.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे त्याला भेटले कृष्णाजी अर्जुन केळुसकर, शिक्षक आणि लेखक. पुढे भीमरावाच्या सत्कारसभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बाग तीच, वेळ तीच, आणि तिथे येणारा माणूस नेमका बुद्धाचा चरित्रकार! सिंक्रोनिसिटीवाल्याला यापेक्षा मोठे उदाहरण मिळणार नाही. ‘नियतीचा संकेत’ असे आपल्यातलेही काही वक्ते भाषणात म्हणून जातात.

आता कारणे मांडून पाहू. रामजी सुभेदारांनी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई गाठली. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब. मुलाला वाचनाचे वेड, ते वडिलांनी लावलेले. केळुसकर मराठा समाजातले, सत्यशोधकी वातावरणाच्या जवळचे, एका वाचणाऱ्या मुलाची चौकशी करावी असे वाटणारे. सवर्ण म्हणवणारे कितीतरी लोक त्या बागेतून रोज गेले असतील, त्यांतल्या कुणी चौकशी केली? केळुसकरांचे बुद्धचरित्र १८९८ चे. बाबासाहेब आपल्या प्रस्तावनेत सांगतात की ते बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. आणि भीमरावाच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी केळुसकरांनी ज्यांच्याकडे शब्द टाकला ते हेच सयाजीराव गायकवाड. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

पुस्तक हातात पडले म्हणून काम झाले असेही नाही. ते वाचून मुलाने वडिलांना विचारले की, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही? पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग आणि वडिलांशी झालेला वाद लिहून ठेवला. त्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत चार दशकांहून अधिक काळ गेला, आणि त्यात पाली ग्रंथांचा अभ्यास, इतर धर्मांची तपासणी, येवल्याची १९३५ ची घोषणा हे सारे आहे. वर्गात फळ्यावर मधोमध ‘बाग’ लिहावे आणि मुलांना विचारावे की या भेटीआधी कुणाकुणाला काय काय करावे लागले, आणि भेटीनंतर कुणाला. फळा लवकर भरतो.